लाल स्कूटरचा सवाल

काचीगुडा, हैदराबाद
२० एप्रिल २०२५

आद. त्रिवेणी आत्यास,
शिल्पाचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. पप्पांचा सगळा जन्म पोस्टात गेला, त्यामुळे आपल्या घरात कोणी मोठी बातमी फोनवर दिली की त्यांचा चेहरा उतरतो, हे तुला माहीतच आहे. शिवाय फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? जेवलीस का, बारीक झालीस का, ऑफिसातला तो मुलगा अजून घरी येतो का, एवढं विचारतेस आणि ठेवून देतेस. माझं मराठी लिहिणं कसं आहे तेही तुला ठाऊक आहे. पप्पा शेजारी बसून वेलांट्या दुरुस्त करतायत आणि मधूनमधून सुस्कारे सोडतायत.

तर बातमी अशी, की मी तुझ्यावर गाणं केलंय.

जयंतीला गौलीगुड्यात तुझा कार्यक्रम होता ना, तेव्हा मी ऑफिसातून उशिरा पोचले. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. मग साउंडवाल्याच्या बॉक्सच्या मागे बसले. तू रमाईवरचं ते लांब गाणं घेतलंस, वरचा सूर लावलास, सगळी गल्ली गप्प झाली, आणि तू एकदम हात वर करून गाणं थांबवलंस. साउंडवाल्याला सांगितलंस की एको कमी कर. मग विचारलंस की ही स्कूटर आडवी कोणी लावली, बाजूला घ्या. मग पहिल्या रांगेत भागूबाई झोपल्या होत्या, त्यांना उठवायला लावलंस. तोवर संघपाल मामांची, म्हणजे तुझ्या नवरोबांची, ढोलकी चालूच होती. तू दोन घोट पाणी प्यालीस, पदर खोचलास आणि बरोबर समेवर तीच ओळ उचललीस. आत्या, माझ्या अंगावर काटा आला. आमचा बँड गाणं सुरू झालं की घाबरून शेवटपर्यंत पळत सुटतो. मधे थांबायची हिंमत कोणातच नाही. एवढा रुबाब मी कोणत्याच स्टेजवर पाहिला नाही.

आमच्या बँडचं नाव काचीगुडा आउटर, हे तुला सांगितलं होतं. स्टेशनच्या अलीकडे गाडी जिथे उगाच उभी राहते, तो आउटर. मी गिटार वाजवते आणि गाते, कोठी भागातल्या मोबाइलच्या दुकानातला बबलू ड्रम वाजवतो. गाण्याचं धृपद असं आहे:

थांबा, थांबा, थांबा जरा,
एको थोडा कमी करा,
लाल स्कूटर बाजूला घ्या,
भागूबाईंना जागं करा!

प्रत्येक कडव्याच्या मधे सगळं बंद होतं, नुसता ड्रम राहतो आणि मी लोकांना रागावते. बरकतपुऱ्याच्या एका कॅफेत पहिल्यांदा म्हटलं. पोट्टे खुर्च्यांवर उभे राहिले, गाणं पुन्हा म्हणायला लावलं. रेकॉर्डिंग नेटवर टाकलंय, मामांच्या फोनवरही पाठवलंय. ऐक आणि कसं वाटलं ते लगेच कळव.

तुझा माझ्यावर जीव आहेच, तो तसाच राहू दे. लोणचं घातलंस की माझी बरणी वेगळी ठेव.

तुझी,
शिल्पा


नांदेड
२९ एप्रिल २०२५

चि. शिल्पा हिस,
त्रिवेणी आत्याचा जयभीम आणि अ. आ.

पत्र मिळालं. गाणंही ऐकलं. तुझ्या मामांनी फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात ठेवला म्हणजे आवाज मोठा येतो, त्यामुळे आमच्याबरोबर सगळ्या गल्लीने ऐकलं. शेजारची माधवी धुणं टाकून नाचायला आली.

तुझा सवाल पोचला, असं मी समजते.

तुला कळत नसेल तर सांगते. एका गाणारणीने दुसऱ्या गाणारणीवर गाणं बांधलं आणि ते चार माणसांत म्हटलं, की त्याला आमच्या गायन पार्ट्यांत सवाल टाकणं म्हणतात. मग दुसरीला स्टेजवर येऊन जवाब द्यावा लागतो. दिला नाही तर पार्टीचं नाव जातं. मी या वयात नाव घालवायची नाही. आणि आमचा दुसराही नियम ऐक. जवाब होईपर्यंत दोन्ही पार्ट्यांनी एकमेकींशी बोलायचं नाही, एकमेकींच्या घरचं खायचं नाही. पत्र चालतं, कारण सवाल पूर्वी पत्रानेच यायचे. तेव्हा फोन करू नकोस. लोणचं या वर्षी घातलं आहे आणि फार चांगलं झालं आहे, पण ते तुला मिळायचं नाही.

आता गाण्यातल्या चुका. गाणं सुरू व्हायलाच इतका वेळ लागतो की माझा कुकर झाला. तुझा तो बबलू ड्रमवर कसला सूड उगवतो आहे? आणि स्कूटर लाल नव्हती, निळी होती. ज्याच्यावर गाणं बांधायचं त्याची निदान नीट चौकशी करावी.

तुझे मामा गाणं पुन्हापुन्हा लावतात आणि मांडीवर ठेका धरतात. त्यांना मी विचारलं आहे की तुम्ही कोणत्या पार्टीचे. ते उठून भाजी आणायला गेले.

दिवस, जागा आणि पंच कळव. तुझा बाप पंच म्हणून मला चालणार नाही. तो लहानपणापासून ज्याच्या ताटात भजी जास्त त्याच्या बाजूचा.

सवाल टाकलास तरी भाची आहेस. ऊन फार आहे, डोकं झाकून ऑफिसला जात जा.

तुझी आत्या,
त्रिवेणी


काचीगुडा
६ मे २०२५

आद. आत्यास,
स. जयभीम वि. वि.

आत्या, तू मस्करी करतेयस ना? मी कसला सवाल टाकते! आमच्यात एखादं माणूस आवडलं तर त्याच्यावर गाणं करतात. तू आवडलीस म्हणून केलं. याच्यात भांडण कुठून आलं? मी पत्र घेऊन पप्पांकडे गेले तर ते म्हणाले, नियम खरा आहे, आमच्या लहानपणी दोन पार्ट्या अशाच वर्षभर अबोल होत्या आणि लग्नात एकमेकींना पाठ करून जेवल्या. मग मला पण भीती वाटायला लागली.

स्कूटरचं म्हणशील तर मी बॉक्सच्या मागे होते, मला दिसलीच नाही. लाल रंग मी मनाने घातला. तुझं पत्र आल्यावर मी आणि बबलू गौलीगुड्यात जाऊन विचारून आलो. निळी स्कूटर कोणालाच आठवत नाही. लालसुद्धा आठवत नाही. साउंडवाला म्हणाला की त्या बोळात सायकल घुसवायची तरी बिल्कुल जागा नव्हती. आता हे कसं काय, ते तूच सांग.

बबलूला तुझं वाक्य वाचून दाखवलं. तो बिचारा परेशान आहे, दोन दिवस हळू वाजवतोय, गाणं लोरीसारखं झालंय.

तू खरंच रागावलीस का? मोकळेपणाने लिही. मी पाया पडते, हवं तर गाणं बंद करते, पण अशी गप्प बसू नकोस. तुझी माया आटली तर मला करमणार नाही.

तुझीच,
शिल्पा

(लोणच्याबद्दल काहीच बोलत नाही. फक्त आठवण येते.)


काचीगुडा
१२ मे २०२५

ती. त्रिवेणी अक्कास,
गौतमचा सप्रेम जयभीम वि. वि.

आज बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात जाऊन आलो, खीर झाली. दरवर्षी आजच्या दिवशी तू नांदेडला गातेस म्हणून दाजींना फोन लावला, तर ते म्हणाले की यंदा अक्काने कार्यक्रम घेतला नाही. का, विचारलं तर ढोलकीचं कातडं बदलायचं आहे, असं काहीतरी सांगू लागले. दाजींना खोटं बोलता येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

अक्का, मी पंच म्हणून लिहीत नाही. तू मला त्या पदावरून काढलंच आहेस, आणि भज्यांचा विषय इतक्या वर्षांनी काढायची काही गरज नव्हती. मी भाऊ म्हणून विचारतो. पोरीचं गाणं थट्टेचं नाही. ती दिवसभर तेच म्हणत घरात फिरते, शेजारचे श्रीपतराव आता आम्हांला जिन्यात भेटले की स्कूटर बाजूला घेऊ का विचारतात. तुझ्यासारखं स्टेजवर उभं राहायचं हे तिने मनावर घेतलं आहे. तिच्यावर रागावून तू गाणं सोडलंस की काय, या विचाराने मला जेवण जात नाही.

काय झालं ते मला तरी सांग. तुझा धाक आणि तुझी माया, दोन्ही मला अजून लागतात.

तुझा धाकटा,
गौतम


नांदेड
१८ मे २०२५

चि. गौतम यास,
त्रिवेणी अक्काचा जयभीम आणि आशीर्वाद.

जेवण जात नाही असं तू लिहिलंस, तिथेच मी पत्राला बसले. तुझं जेवण गेलं नाही असं आजवर कधी झालेलं नाही.

मग ऐक. स्कूटर नव्हती. लाल नाही, निळी नाही, कसलीच नाही. एको ठीक होता. भागूबाई जन्मभर झोपत आल्या, त्या दिवसापर्यंत त्यांना मी कधी उठवलेलं नव्हतं. गौतम, माझा श्वास पुरत नाही. वरचा सूर लावला की छातीत काही उरतच नाही. गेल्या वर्षापासून हे असं आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार काही नाही, वय आहे. वयावर गोळी नाही म्हणाले. मग मी हात वर करते आणि कोणाला तरी रागावते. तेवढ्यात श्वास येतो. तुझ्या दाजींना पहिल्या दिवशीच कळलं. ते तेव्हापासून ढोलकी लांबवतात.

मला वाटलं होतं की हे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि तुझ्या पोरीने नेमकं तेच धरलं. माझ्या चाळीस गाण्यांतलं एकही नाही, माझा गळा नाही, मी जिथे संपते तेवढीच जागा तिने उचलली आणि जगाला ऐकवली. डब्यातून ते गाणं वाजत होतं आणि सगळी गल्ली हसत होती तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी हुशार आहे, तिने हेरलं असणार, असंच मला वाटलं. तिच्या पत्रावरून दिसतं की तिने हेरलेलं नाही. पण त्याने माझा श्वास थोडाच वाढणार आहे?

मी ठरवलं आहे. हा एक जवाब द्यायचा, कारण तो देणं भाग आहे, आणि मग पेटी कपाटावर ठेवून द्यायची. पोरीला यातलं काही सांगू नकोस. सांगशील हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

जेवत जा. तुझी काळजी वाटते, ती काही वयाने कमी झाली नाही.

तुझी,
अक्का


काचीगुडा
२६ मे २०२५

आद. आत्यास,
स. जयभीम वि. वि.

पप्पांनी सांगितलं नाही. त्यांनी पत्र जेवणाच्या टेबलावर माझ्या ताटाजवळ ठेवलं आणि स्वतः गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी एकटीने वाचलं, बोट ठेवून, दोनदा. हे पत्र पण एकटीनेच लिहितेय, वेलांट्या चुकल्या तर समजून घे.

मी खूप रडले. मग बबलूला सांगितलं तर तो पण रडला. मग आम्ही ठरवलं की गाणं काढून टाकायचं. फोन हातात घेतला, आणि थांबले. कारण माझ्या लक्षात आलं की गाणं काढलं तर सवाल संपला. सवाल संपला तर जवाब नाही. मग तू हैदराबादला येणार नाहीस आणि पेटी सरळ कपाटावर जाईल. म्हणून मी माफी मागते, आणि गाणं ठेवते. काढणार नक्को म्हणजे नक्को. तुला राग आला तर येऊ दे, पण ये.

आणि एक खरं सांगते. तू संपतेस ती जागा मी उचलली असं तू लिहिलंस. मला तिथे काही संपताना दिसलंच नाही ना. मला दिसलं की एक बाई एवढ्या लोकांना थांबवते आणि एकही माणूस उठून जात नाही. तू थांबलीस तेव्हा माझ्या शेजारचा साउंडवाला डोळे मिटून बसला होता, पुढची ओळ कधी येते म्हणून. श्वास नव्हता म्हणून थांबलीस हे आता कळलं. पण लोक का थांबले, ते तुला अजून कळलेलं नाही.

आता कामाचं लिहिते. दिवस १५ जून, रविवार. जागा गौलीगुड्यातलं समाजाचं सभागृह. पंच भागूबाई. त्या प्रत्येक कार्यक्रमात झोपतात, त्यामुळे त्यांनी कोणाची बाजू घेतली असं कोणी म्हणू शकत नाही. दोन्ही पार्ट्यांना एकच साउंड राहील. मामांना बरोबर आण. ते कोणत्या पार्टीचे हे स्टेजवर ठरवू.

बोलणं बंद आहे म्हणून स्टेशनवर मी येणार, पण तोंड दुसरीकडे करून उभी राहणार. बॅग मात्र उचलेन.

तुझी, रागावलीस तरी तुझीच,
शिल्पा


नांदेड
२० जून २०२५

चि. शिल्पा हिस,
आत्याचा जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. जाताना तोंड फिरवून माझी बॅग धरलेली तू आणि येताना गळ्यात पडून रडलेली तू, दोन्ही वेळा हमालाने माझ्याकडे संशयाने पाहिलं. बरणी तुला दिली आहे ती एका आठवड्यात संपवू नकोस.

तू त्या दिवशी सवाल म्हणून झाल्यावर मागे पडद्याजवळ जाऊन बसलीस, त्यामुळे पुढून काय दिसलं ते तुला माहीत नाही. ते सांगायचं म्हणून हे पत्र.

जवाब मी गाडीतच बांधला होता. गाडी नेमकी तुमच्या आउटरवर उभी राहिली, राहिली ती हलेचना, आणि तिथे मला ओळी सुचल्या:

काचीगुड्याच्या आउटरवर
उभी माझी गाडी,
हात धरून ओढत नेते
भाची माझी वेडी!

पहिली दोन कडवी बरी गेली. तुमच्या पोरांना हसू आलं, तुझ्या बापाने शिट्टी वाजवली, या वयात ते शोभत नाही हे त्याला सांग. तिसऱ्या कडव्याला मी वरचा सूर लावला आणि श्वास संपला. नेहमीसारखा हात वर केला. समोर पाहिलं. एको बरोबर, पंखे चालू, वाट मोकळी. भागूबाई पंच म्हणून डोळे वटारून जाग्या. कोणाला रागावायचं तेच सुचेना. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी स्टेजवर हात वर करून नुसती उभी राहिले. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना कळलं. ढोलकी आपली चालूच होती.

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की माझी डावी चप्पल ज्याने घातली असेल त्याने परत करावी. दुसऱ्या कोपऱ्यातून एका बाईने उठून सांगितलं की उंच माणसांनी पुढे बसू नये. मग एकाने बबलूला सांगितलं की शर्टाचं बटण लाव. मग सगळं सभागृहच सुटलं. नवरा बायकोला, बायको सासूला, जो तो कोणाला ना कोणाला रागावत होता. नुकत्याच ऐकलेल्या तुझ्या गाण्याने त्यांना लावलेली सवय ही. गाणारीने हात वर केला की आता आपली पाळी, असं त्यांनी धरलं होतं. मी इतकी हसले की पेटीवर डोकं टेकलं. आणि हसता हसता श्वास आला. कसा आला ते कळलंसुद्धा नाही. तुझ्या मामांनी डोळ्याने खूण केली, मी ओळ उचलली, तर समेवर सगळे माझ्याबरोबर आले.

शिल्पा, त्या सभागृहात मला कोणी कीव करून थांबू दिलेलं नव्हतं. लोक का थांबतात, ते तू लिहिलं होतंस, ते मला तिथे कळलं. तेव्हापासून मनावरचा मोठा भार उतरला आहे. फार बरं वाटतं आहे.

भागूबाईंचा निकाल मला मान्य आहे. दोघींनी मिळून आपली झोप घालवली म्हणून दोघी हरल्या, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नाही.

आता तुला जे विचारायचं आहे ते विचारते. इथल्या समितीची माणसं काल आली होती. ऑक्टोबरात धम्मचक्र दिनाला मोठा कार्यक्रम आहे. मी हो म्हणाले. पेटी कपाटावर गेली नाही, पुसून ठेवली आहे. पण यापुढे मी एकटी गाणार नाही. पार्टीत मागे एक कोरसवाली असते. मुख्य गाणारीचा श्वास संपला की तिने तोच सूर धरायचा असतो. माझ्या पार्टीत अशी कोणी नव्हती, गरजच पडली नाही. आता पडते. ऑफिसातून रजा काढ. गिटार आण, तुझे मामा म्हणतात की ढोलकीबरोबर जमेल. बबलूलाही आण, त्याची झोपायची सोय माधवीच्या घरी करते, आमची भिंत पातळ आहे.

तालीम पत्राने होत नाही, तेव्हा आता रोज फोन कर. जेवलीस का, एवढं विचारेन आणि मग ऐकेन.

एकच सांगून ठेवते. स्टेजवर माझा आवाज तुटला तर घाबरून माझ्याकडे पाहू नकोस. समोर पाहा आणि सूर धरून ठेव. सोडू नकोस. मी येतेच.

तुझी,
त्रिवेणी आत्या